आधी मोजे काढायला सांगा : शिबिरं भरवणाऱ्या पुण्यातल्या गणेश मंडळांना खुलं पत्र

मंडळांचे अध्यक्ष, खजिनदार आणि समस्त कार्यकर्ते यांना,

स. न. वि. वि.

पत्र लिहायला बसले तेव्हा समोर तीन कार्डं मांडून ठेवली. तिन्ही मोफत मधुमेह तपासणी शिबिरांची, तिन्ही आपल्याच पेठांतल्या मंडळांची, लागोपाठ तीन वर्षांची. एकावर कोपऱ्यात गणपती आहे आणि त्याच्या दुप्पट आकाराचे एक इच्छुक उमेदवार आहेत, ते असोत. नाव, वय, वजन, उंची, बीपी, शुगर, डोळे आणि खाली ‘डॉक्टरांचा सल्ला’, असे रकाने. शुगर पहिल्या वर्षी २१२, दुसऱ्या वर्षी २४८, तिसऱ्या वर्षी १९६. सल्ला तिन्ही वेळा तोच, ‘गोड बंद, रोज चालणे’. पायांसाठी रकाना एकाही कार्डावर नाही.

ही कार्डं माझ्या थोरल्या दिरांची. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. तिसऱ्या शिबिरानंतर पाच महिन्यांनी अण्णांच्या उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. अर्धा तळपाय जायचा, तो थोडक्यात राहिला.

तुम्हाला बोल लावण्याआधी स्वतःचं सांगते. मी बत्तीस वर्षं नर्स होते, त्यातली निम्म्याहून अधिक ड्रेसिंग रूममध्ये काढली. कुजलेल्या पायाचा वास मला जिन्यातून ओळखता येतो. आणि अण्णा माझ्याच घरात, माझ्या हातचा चहा रोज पिणारे. तरी मला दिसलं नाही.

अण्णा पहिल्यापासून काटकुळे. ‘ह्यांना कसली शुगर!’ असं येणारा-जाणारा म्हणायचा. खरं तर आपल्या पुण्यात तरी असं म्हणायला नको. इथल्याच केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि जॉन यडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो शेजारी-शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, एकच, २२.३. अंगातली चरबी मात्र यडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणजे आपला माणूस वरून सडसडीत दिसला तरी आतून तसा नसतो. अण्णांच्या काड्यांसारख्या पायांकडे बघून आम्ही सगळे निर्धास्त होतो, ते उगाच.

ते रोज सकाळी पर्वती चढायचे. पायऱ्या १०३. पूर्वी एका दमात वर. मग पन्नासाव्या पायरीशी थांबायला लागले, मग तिसाव्या. ‘पोटरीत गोळा येतो, दोन मिनिटं उभं राहिलं की जातो,’ म्हणायचे. बरोबरचे मित्र म्हणाले, वय झालं. मीही म्हटलं, वय झालं. चालताना ठरावीक अंतरावर पोटरी आवळते आणि उभं राहिल्यावर सुटते, हे पायाची धमनी अरुंद झाल्याचं अगदी पुस्तकातलं लक्षण. स्नायूला चालताना जास्त रक्त लागतं, ते पोचत नाही. थांबलं की गरज कमी होते, कळ जाते. हे मी शिकाऊ नर्सना शिकवलेलं आहे!

पुढे त्यांनी पर्वतीच सोडली. मग रात्री झोपेत एक पाय खाटेखाली सोडायची सवय लागली. ‘खाली सोडला की बरं वाटतं, सिस्टरबाई,’ हे मला चिडवत सांगायचे. आडवं झाल्यावर पायाला जे थोडं रक्त उतारामुळे मिळतं तेही मिळेनासं होतं, म्हणून पाय लोंबकळत ठेवला की बरं वाटतं. इथवर आलं म्हणजे आजार पुष्कळ पुढे गेलेला असतो.

आणि मग पुतणीचं लग्न आलं. नवी कोल्हापुरी, करंगळीशेजारच्या बोटाला फोड. दुखत नव्हता, म्हणून चार दिवस कुणाला सांगितलंही नाही. ज्या हॉस्पिटलात नेलं तिथे शुगर आवरली, अँटिबायोटिक चालू केलं आणि सूज उतरावी म्हणून पायाखाली दोन उशा दिल्या. रात्रभर अण्णा कण्हत होते आणि उशी काढून टाकत होते. ड्यूटीवरची पोरगी ती परत लावत होती. तिचं चुकलं नाही, पाय सुजला की वर उचलायचा हेच तिला शिकवलेलं. पण रक्तच कमी पोचणाऱ्या पायाला उंचावर ठेवणं म्हणजे टाकीत पाणी नसताना नळ वरच्या मजल्यावर नेण्यासारखं. तिसऱ्या दिवशी बोट काळं पडलं, ते काढलं. जखम भरेना. शेजारचं बोट काढलं. तीही भरेना. मग ‘अर्धा पाय काढावा लागेल’ अशी भाषा सुरू झाली. तोवर तीन आठवड्यांत अण्णांच्या पायाची नाडी कुणीही बोटांनी चाचपून पाहिली नव्हती. त्यात मीही आले.

दुसऱ्या मतासाठी रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे नेलं. त्यांनी आधी दोन्ही मोजे काढायला लावले. चांगल्या पायाचासुद्धा. नडगीवर केस नाहीत, कातडी तकतकीत. पायाच्या पाठीवर अंगठ्याच्या रेषेत दोन बोटं ठेवली, मग आतल्या घोट्याच्या मागे ठेवली. डोळे मिटून बराच वेळ. मान हलवली. मग घोट्याच्या वर बीपीचा पट्टा बांधला, जेल लावून डॉप्लरची, म्हणजे नसेतलं रक्त वाहताना ऐकवणाऱ्या यंत्राची, पेन्सिल टेकवली. सूं... सूं... असा मंद आवाज यायला लागला. ते पट्टा फुगवत गेले. १५०, १८०, २२०. आवाज थांबेना. २५० ला पोचले तरी सूं चालूच. मला वाटलं, वा, रक्ताला जोर आहे! ते म्हणाले, ‘सिस्टर, आनंद मानू नका. नस चुन्याने, म्हणजे कॅल्शियमने, भरून पाइपसारखी कडक झालीय, पट्ट्याने दाबलीच जात नाहीये.’ मग पायाच्या अंगठ्याला इवलासा पट्टा लावून दाब मोजला. २६. अंगठ्याचा दाब ३० च्या खाली असला की जखम आपणहून भरण्याची आशा फार थोडी.

चार दिवसांनी अँजिओप्लास्टी झाली. मांडीतून तार घालून गुडघ्याखालच्या दोन नसा फुग्याने उघडल्या. त्या नसा दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या, म्हणजे शेवईहून थोड्या जाड. पुढच्या ड्रेसिंगला मी स्वतः पट्टी सोडली. फिकट, मेणासारख्या दिसणाऱ्या त्या जखमेच्या कडेला लाल ठिपके आले होते आणि कापूस फिरवला तर रक्त लागलं. ड्रेसिंग रूममध्ये इतकी वर्षं घालवली, पण कापसावरचं रक्त बघून रडले ती तेवढी एकदाच. जखम साडेतीन महिन्यांत भरली.

हे सगळं तुम्हाला का सांगते? अण्णांचं दुखणं तुमच्या मांडवातून तीनदा बूट घालून आलं आणि बूट घालून परत गेलं, म्हणून. २०२३ साली आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, मोठ्या पाहणीत देशात १० कोटींहून जास्त मधुमेही असल्याचं निघालं. त्यांतले पुष्कळ जण डॉक्टरकडे वेळेवर जात नाहीत; तुमच्या मांडवात मात्र येतात, कारण आरती, ओळखीची माणसं आणि वर चहा. एवढी माणसं आयती समोर बसलेली असताना बोटाला सुई टोचून सोडून देणं मला पटत नाही. घरोघरी ग्लुकोमीटर आहेत आता. शुगरचा आकडा त्यांना ठाऊक असतो. ठाऊक नसतो तो पाय.

मधुमेहात पायावर दोन संकटं एकदम येतात. एक, मज्जातंतूंमधलं ज्ञान जातं, पाय बधिर होतो. दोन, धमन्या आतून अरुंद होतात, आणि मधुमेह्यांत त्या बहुतेक वेळा गुडघ्याखाली बंद होतात, जिथे त्या आधीच बारीक. यातलं पहिलं संकट दुसऱ्याला झाकतं. पाय बधिर असला की पोटरीत गोळासुद्धा जाणवत नाही. अण्णांना जाणवला, ते त्या मानाने नशीबवान. कित्येकांचं पहिलं लक्षण काळं पडलेलं बोटच असतं. आणि पाय हाताला कोमट लागला म्हणून रक्त ठीक आहे असंही धरू नका. मधुमेहाने बारीक मज्जातंतूंचं तंत्र बिघडलं की वरवरच्या कातडीत रक्त खेळतं आणि पाय गरम लागतो.

तर मागणी अशी. यंदाच्या शिबिरात पायांसाठी एक वेगळी जागा ठेवा. टेबल नको, खाट किंवा सतरंजी टाकलेला बाक हवा, कारण मोजण्याआधी माणूस पाच-दहा मिनिटं आडवा पडलेला लागतो. आडोसा करा. पुण्याची बायामाणसं चारचौघांत पाय उघडे करायला लाजतात, आणि पुरुष त्याहून जास्त, भेगा आणि वाढलेली नखं दिसतील म्हणून. बोटांच्या बेचक्यात बघा, टाचेखाली बघा. कुरूप आहे का, ते घरी ब्लेडने कापलंय का, कॉर्न कॅप, म्हणजे कुरुपावरची औषधी पट्टी, लावलीय का, विचारा. मग १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने, म्हणजे त्या नायलॉनच्या केसाने, तळव्याला टोचून बघा कळतंय का. मग दोन्ही ठिकाणच्या नाड्या. हे सगळं शिकवलेल्या नर्सला एका माणसामागे तीन-चार मिनिटांचं काम आहे.

ज्यांची नाडी लागत नाही, किंवा ज्यांना चालताना कळ येते, त्यांचा डॉप्लर करा. दोन्ही दंडांचं वरचं बीपी घ्या, जास्त असेल ते धरा. मग घोट्याचं घ्या: पट्टा घोट्याच्या वर, डॉप्लर नाडीवर, आवाज बंद होईपर्यंत फुगवायचं, सावकाश सोडायचं आणि आवाज परत येतो तो आकडा लिहायचा. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागा. दंडाचं १४० आणि घोट्याचं ८४ असेल तर ०.६. याला डॉक्टर एबीआय म्हणतात. ०.९ च्या खाली आलं की धमनी अरुंद; ०.५ च्या खाली आणि पायावर जखम असेल तर त्याला उद्या या म्हणू नका, आजच मोठ्या हॉस्पिटलात धाडा. १.४ च्या वर आलं तर अण्णांची गोष्ट आठवा, तो आकडा खोटा आहे, त्यालाही पुढे पाठवायचं आणि तिथे अंगठ्याचा दाब मोजून घ्यायचा. अंगठ्याच्या बारीक नसांत चुना सहसा भरत नाही, म्हणून तो आकडा जास्त खरं बोलतो. आणि मधुमेह्याचा एबीआय बरोबर ०.९ ते १.३ मध्ये बसला तरी नाडी लागत नसेल तर आकड्यावर भरवसा ठेवू नका.

खजिनदारांसाठी एक ओळ : हातात धरायचा डॉप्लर हजारांत येतो, लाखांत नाही. फक्त बाळाचे ठोके ऐकायचा उचलून आणू नका. तो २-३ मेगाहर्ट्झचा असतो, पायाला ८ मेगाहर्ट्झचा प्रोब लागतो. आमच्याच जवळच्या एका मंडळाने एकदा कौतुकाने बाळाच्या ठोक्यांचाच आणला होता. दिवसभर कुणाच्याच पायाला नाडी सापडेना.

‘आम्ही शोधलं, पुढे काय?’ हा तुमचा प्रश्न रास्त आहे. शिबिराआधीच एखाद्या हॉस्पिटलाशी बोलून ठेवा, रोगी कुठे पाठवायचा आणि तिथे कुणाला भेटायचं ते कार्डावरच छापा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो. काय बसतं, काय नाही, कागद कोणते, ते ॲडमिट होण्याआधी त्यालाच विचारायला सांगा. महापालिकेच्या शहरी गरीब योजनेचंही विचारा. ज्याला रेशनकार्ड शोधायला जायला कुणी नाही त्याच्याबरोबर तुमचा एक कार्यकर्ता द्या. हे काम तुमच्याइतकं कुणालाच जमत नाही, हे मी मनापासून म्हणते.

प्रत्येकाची अँजिओप्लास्टी होत नाही, व्हायलाही नको. नुसती चालताना कळ येत असेल, जखम नसेल, तर तंबाखू बंद, कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी, रक्त पातळ ठेवणारी ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल आणि रोजचं नेमून दिलेलं चालणं यावर पुष्कळ लोक निभावतात. कळ येईपर्यंत चालायचं, थांबायचं, परत चालायचं. कार्डावरचं ‘रोज चालणे’ या लोकांसाठी औषध आहे, पण तळव्याला जखम असलेल्याला तोच सल्ला दिला तर पाय घालवाल. तंबाखू म्हणताना फक्त बिडी-सिगारेट विचारू नका. मशेरी विचारा. बाई ‘मी कसलं व्यसन करत नाही हो’ म्हणते आणि सकाळ-संध्याकाळ दात घासायला मशेरी असते. आणि पायाची धमनी बंद निघाली म्हणजे हृदयाची आणि मेंदूचीही तपासायला हवी. अशा लोकांना हार्ट ॲटॅकचा धोका मोठा असतो.

जखम असेल, बोट काळं पडलं असेल, तर मात्र कापण्याआधी रक्तपुरवठा बघायचा. पू भरला असेल, ताप असेल, तर पू काढायला थांबता येत नाही, हे मान्य. पण तो निघाला की लगेच नसा बघायच्या: कलर डॉप्लर, सीटी अँजिओ, गरजेप्रमाणे. नसा दिसाव्यात म्हणून डाय देण्याआधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम सांगणारा रक्तातला आकडा, विचारा, मधुमेह्याची किडनी नाजूक असते. मग फुग्याने उघडायचं की स्वतःचीच पायातली शीर घेऊन बायपास करायचा, ते सर्जन ठरवतील. फुग्याने उघडलेली नस वर्षभरात पुन्हा अरुंद होऊ शकते, तेही ऐकून ठेवा. पण तेवढ्या मुदतीत जखम भरून निघाली तर पाय राहतो. चांगलं ड्रेसिंग करूनही चार-सहा आठवड्यांत जखम हलत नसेल तर नाडी लागो वा न लागो, नसांचा फोटो काढायलाच हवा. आणि पाय सुजलाय म्हणून रक्तपुरवठा न बघता घट्ट क्रेप बँडेज किंवा इलॅस्टिकचे मोजे चढवू नका. ते चढवल्याने काळे पडलेले पाय मी पाहिले आहेत.

आता पालख्यांबद्दल, कारण तिथेही तुम्हीच असता. माउलींची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात आणि तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबा मंदिरात उतरते, त्या दोन दिवसांत सगळी पेठ वारकऱ्यांचे पाय धरायला बसते. मीही बसते. पण गेल्या दोन-तीन वारींत पाहिलं ते सांगते. पोरं उत्साहात घमेल्यात कढत पाणी ओततात, म्हातारबाबांचे पाय त्यात घालतात, आणि बाबा हसत असतात, कारण त्यांना ते कढत असल्याचं कळतच नाही. दुसऱ्या दिवशी दिवेघाट चढताना तळव्याचा फोड फुटतो आणि पुढे पंढरपूरपर्यंत धूळ-चिखल. तेव्हा पाय हातात घेण्याआधी एवढं विचारा, ‘माउली, शुगर आहे का?’ पाणी स्वतःच्या कोपराने बघा. तळवा उलटा करून बघा, खडा रुतलेला असतो आणि त्यांना माहीत नसतो. फोड असला तर फोडू नका, ज्या पायावर जखम आहे तो रगडू नका. चपला शिवून देणाऱ्या आमच्या भावांना सांगून आतून टोचणारे खिळे तेवढे ठोकून घ्या. त्या एका कामाने किती पाय वाचत असतील, मोजता येणार नाही. नवरात्रात चतुःशृंगीला अनवाणी जाणाऱ्या मधुमेही बायकांना मी हेच सांगते. देवीला नवस बोललाय तर दुसरं काही तरी सोडा, चप्पल सोडू नका.

एका मंडळाच्या अध्यक्षांना मी गेल्या वर्षी हे तोंडी सांगितलं होतं. ते म्हणाले, ‘काकू, पाय कुठे बघत बसता, लोकांना रिपोर्ट हातात लागतो.’ खरं आहे, शुगरचा आकडा कागदावर छापून येतो. पण आपल्या पुण्यात वानवडीला कृत्रिम अवयव केंद्र आहे, १९४४ सालचं, सैनिकांसाठी काढलेलं. माझ्या नोकरीच्या काळात मी तिथे बनवलेले पाय लावून चालणारे जवान पाहिलेत. ते पाय युद्धात गेलेले होते. लग्नाच्या चपलेने पाय जावा याला काय म्हणायचं?

यंदा ज्यांना हे करायचं असेल त्यांनी शिबिराच्या आधी पंधरा दिवस निरोप द्यावा. शनिपाराच्या चौकात कुणालाही ‘ड्रेसिंगवाल्या सिस्टर’ म्हणून विचारलंत तरी घर दाखवतील. माझ्याबरोबर निवृत्त झालेल्या आणखी दोघी येतात, डॉप्लर माझा आहे, जेलची बाटली मी आणते. तुमच्या कार्यकर्त्यांपैकी चार जणींना नाडी चाचपायला शिकवीन. मुली हव्यात, त्यांची बोटं हलकी असतात आणि त्या घाई करत नाहीत. अण्णाही येणार म्हणतात. आडोशाबाहेर खुर्ची टाकून बसतील आणि येणाऱ्याला मोजे काढायला लावतील. नाही म्हणणाऱ्याला ते आपला पाय दाखवतात.

खाट तेवढी तुमची लागेल. आणि पट्टा मोठ्या दंडाचा पण एक आणा, लहान पट्ट्याने जाड माणसाचं बीपी चुकीचं येतं.

आपली,
एक निवृत्त सिस्टर, सदाशिव पेठ